जंगल कॉर्नच्या जोडीबद्दल

प्रिय समीर,

कॉर्न स्नेकची मादी आणि कॅलिफोर्निया किंगस्नेकचा नर यांची जोडी लावून जंगल कॉर्न, म्हणजे या दोन सापांचा संकर, काढायचे, हा तुझा बेत पत्रात वाचला. जमेल का, असं विचारतोस. जमेल. पिल्लं बहुतेकदा धडधाकट निघतात आणि पुढे त्यांनाही पिल्लं होतात. जोडी लावण्यापेक्षा अवघड आहे ते त्या पिल्लांची ओळख पुढच्या चार-पाच विणींत हरवू न देणं. पण आधी जोडीचंच बोलू, कारण तिथे एक चूक झाली तर मादीच जाते.

किंगस्नेक साप खातो, हे कायम डोक्यात ठेव. उपाशी नर तिच्याजवळ कधीही सोडू नकोस. आधीच्या आठवड्यात त्याला दोनदा नीट खायला घाल, आणि नर मादीपेक्षा मोठा नको. मादीला त्याच्या डब्यात नको, नरालाच तिच्या डब्यात सोड. किंगस्नेक मादीची ताजी कात मिळाली तर ती कॉर्नच्या पाठीवरून हलकी घास आणि डब्यातच राहू दे. नर वासावर चालतो. त्या वासाने त्याची जीभ भराभर चालायला लागते आणि तो हनुवटी तिच्या पाठीवर घासत पुढे सरकतो.

आता नीट बघण्याची जागा. किंगस्नेकचा नर मीलनाच्या वेळीही मादीची मान तोंडात धरतो, म्हणून नुसत्या चाव्यावरून काही ठरत नाही. मीलनाचा चावा असेल तर त्याचं अंग तिच्या अंगाला समांतर लागलेलं असतं आणि शेपटी तिच्या शेपटीखाली शिरायला बघत असते. शिकारीचा चावा असेल तर पकड बसताच विळखे पडतात. एक विळखा पडलेला दिसला की वाट बघायची नाही. हुक (साप उचलायची आकडी) आणि थंड पाण्याची बाटली हाताशी ठेव. पाण्याची धार थेट त्याच्या तोंडावर सोड, शेपटीकडून विळखे सोडव, ओढाताण करू नकोस, नाहीतर त्याचे दात तिच्या मानेत राहतात. रात्रभर दोघांना एकत्र ठेवण्याचा विचारही नको. काम झालं किंवा तासाभरात काहीच हालचाल दिसली नाही, की वेगळं करायचं.

हे सगळं योग्य वेळी केलं तरच उपयोग. दोघांनाही एकाच वेळी थंडीत घाल. आधी दोन आठवडे खाणं बंद, पण तापमान नेहमीचंच, म्हणजे पोट रिकामं होतं. पोटात उंदीर राहिला आणि थंडी लागली तर तो आतच सडतो. मग हळूहळू उतरवत १० ते १३ अंश सेल्सिअस, आठ ते दहा आठवडे, अंधारात, पाण्याची वाटी कायम भरलेली. परत ऊब द्यायला आठवडा घे. त्यानंतर मादी एकदा कात टाकते, आणि तिचा वास सर्वांत तीव्र असतो तो त्या कातेनंतरच. नर तेव्हाच सोडायचा.

आणि मादी कोरी हवी. सापाची मादी वीर्य महिनोन् महिने, कधी वर्षांहून जास्त, आत साठवून ठेवते. आधी कॉर्नच्या नराशी जुळलेली असेल तर एकाच विणीत शुद्ध कॉर्न आणि संकर दोन्ही निघू शकतात, आणि लहानपणी ते ओळखू येतीलच असं नाही. नवा साप आणला असेल तर जोडीच्या आधी ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या हुक-चिमट्यासह. क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्याचा परजीवी एकदा डब्यांत शिरला की सहजी निघत नाही.

मीलनानंतर साधारण महिना ते दीड महिन्यात अंडी. घालण्याआधी ती एकदा कात टाकते, तिथून आठ-बारा दिवस मोज आणि ओल्या शेवाळाचा झाकणाचा डबा आत ठेव. अंडी एकमेकांना चिकटतात. ओढून सुटी करू नकोस. वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण कर आणि ती बाजू शेवटपर्यंत वरच ठेव, कारण गर्भ चिकटल्यावर अंडं फिरलं तर तो मरू शकतो. अंडी ठेवायला व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनाने समान घे. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, थेंब गळू नये. तापमान २७ ते २९ अंश, त्यावर नको. ३२च्या आसपास गेलं तर मणके वाकडे झालेली पिल्लं निघतात, किंवा निघतच नाहीत. आठवड्यातून दोनदा झाकण उघडून हवा दे. सुरुवातीच्या आठवड्यांतच अंडं खळगी पडून बसलं तर ओल कमी आहे. शेवटच्या पंधरवड्यात खळगी पडली तर ठीक आहे. ५५ ते ६५ दिवसांनी कवचाला चीर दिसेल. पिल्लू नाक बाहेर काढून दिवस-दीड दिवस तसंच बसतं, बलक शोषत. कात्री घेऊन मदतीला जाऊ नकोस.

पहिल्या दिवसापासून प्रत्येकाचा डबा वेगळा. अर्धं किंगस्नेकचं रक्त आहे, एका डब्यात ठेवलीस तर भावंडंच गिळली जातील. पहिली कात साधारण आठवड्याने, त्यानंतर दोन ग्रॅमची पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं बिनकेसाचं पिल्लू.

रंगाचं गणित लोक हमखास चुकवतात. अमेलॅनिस्टिक (काळं रंगद्रव्य नसलेला, थोडक्यात अमेल) कॉर्नची जोडी एमोरी रॅटस्नेकशी लावली तर पहिल्या पिढीत एकही अमेल निघत नाही, कारण तो गुण अप्रभावी आहे, आई-बाप दोघांकडून आल्याशिवाय दिसत नाही. क्रीमसिकल, म्हणजे या संकरातलं अमेल पिल्लू, हवं असेल तर तीच पिल्लं आपापसांत जुळवायची, मग चारांत एक अमेल येण्याची शक्यता. उरलेल्या साध्या दिसणाऱ्यांपैकी प्रत्येक पिल्लू तो गुण लपवून असण्याची शक्यता दोन तृतीयांश. खरं सांगू, पहिल्यांदाच करायचं तर मी तुला कॉर्न आणि एमोरीचीच जोडी सुचवीन. दोघं अगदी जवळचे नातलग, आणि कोणी कोणाला खात नाही. बर्मीज आणि बॉल पायथनच्या संकरापासून तर दूरच राहा. एक पाच मीटरचा, एक दीड मीटरचा; पिल्लू किती वाढेल हे आधी ठरत नाही, म्हणजे त्याचा पिंजराही ठरत नाही.

ओळखीसाठी पिल्लाला उलटं धरून भिंगातून बघ. कॉर्नच्या गुदद्वारावरचा खवला मधोमध दुभंगलेला असतो, किंगस्नेकचा अखंड. कॉर्नच्या पाठीवरच्या खवल्यांना मधून बारीक कणा असतो, किंगस्नेकचे गुळगुळीत. पहिल्या पिढीत कुठे ना कुठे मिश्रण सापडतं. पण तेच पिल्लू पुन्हा कॉर्नशी, त्याचं पिल्लू पुन्हा कॉर्नशी, असं दोन-तीनदा झालं की भिंगही काही सांगत नाही. तो साप कॉर्न म्हणून विकला जातो, आणि पुढचा माणूस शुद्ध वाण समजून त्यावर वर्षं घालवतो. हे मला फार लागतं. म्हणून डब्यावर चिठ्ठी हवीच: आईची जात, बापाची जात, कितवी पिढी, अंडं फुटल्याची तारीख. साप दुसऱ्याकडे गेला की चिठ्ठीची प्रत त्याच्याबरोबर, आणि मूळ नोंद तुझ्या वहीत. हे करायची तयारी नसेल तर जोडी लावू नकोस.

मादी तीन वर्षांची आहे म्हणालास, पण वजन लिहिलं नाहीस. उपाशीपोटी तोलून कळव. ३०० ग्रॅमच्या खाली असेल तर हा हंगाम सोडून दे; लहान मादीला अंडी अडकू शकतात, आणि त्यात तिचा जीवही जाऊ शकतो.

तुझा,
नितीन