‘ओहोटी म्हणजे काय रे?’

महोदय,

केज तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवते. मागच्या महिन्यात एका मुलाकडून उतारा वाचून घेत होते. ‘ओहोटी लागली तशी मुले शिंपले वेचायला धावली.’ कुठेही अडखळला नाही. विचारलं, ‘मुलं कधी धावली?’ ‘ओहोटी लागल्यावर.’ उत्तर बरोबर. सहज म्हटलं, ‘ओहोटी म्हणजे काय रे?’ जरा थांबून म्हणाला, ‘भूक लागती तसं कायतरी असंल, बाई.’

‘लागली’वरून त्याने अर्थ लावू पाहिला, याचं मला कौतुक वाटलं. पण पेपरात त्याला पूर्ण गुण पडले असते आणि समुद्र मागे हटलाय हे त्याला कधीच कळलं नसतं.

लहान मुलांना वाचन-गणित नीट यावं म्हणून केंद्र सरकारने सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, अशी अपेक्षा आहे. त्यातले ६० मोजून होतात, ‘समजून’ राहून जातं. फळ्यावरचे शब्दार्थ वहीत उतरवूनही ते साधत नाही. ‘विपुल – पुष्कळ’ पाठ होतं, बोलण्यात येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी परातीत वाळू पसरली, पाणी ओतलं आणि परात कलती केली. वाळू उघडी पडली. लगेच एका मुलीने विचारलं, ‘मग उन्हाळ्यात मांजरा धरणाला ओहोटीच लागती का?’ अख्खा तास त्यातच गेला. पूर ओसरतो, धरण आटतं. समुद्राचं पाणी मात्र दिवसातून साधारण दोनदा हटतं आणि पुन्हा भरून येतं. आठवड्याने त्याच मुलाच्या वहीत वाक्य दिसलं: ‘जत्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही पाळण्यात बसलो.’ हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

आमची बरीच मुलं दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. फड, मोळी, वाढं, उचल हे शब्द तीच मला समजावून सांगतात. त्यांच्याकडे शब्द कमी नाहीत, पुस्तकातले शब्द तेवढे त्यांच्या घरात आलेले नाहीत. म्हणून मी आता प्रत्येक धड्याआधी चारच शब्द घेते आणि आठवडाभर ते बोलण्यात ठेवते.

शिक्षण विभागाला विनंती आहे की, वाचन तपासताना उताऱ्यातले दोन शब्द मुलाला स्वतःच्या वाक्यात वापरायला सांगावेत. प्रत्येक मुलामागे दोन मिनिटं जास्त लागतील, तेवढी द्यावीत.

– एक प्राथमिक शिक्षिका, केज (जि. बीड)