बाबा, आधी चांगल्या मेलची यादी करा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, जीमेलमध्ये तुम्ही स्वतः नियम लिहिलेत हे दादाकडून कळलं आणि फार आनंद झाला. तुमच्या वयाच्या किती जणांना हे सुचतं? बहुतेक लोक येईल तो कचरा रोज एकेक करून पुसत बसतात. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, आणि तुम्हाला समोर कागद असला की बरं पडतं, म्हणून सविस्तर लिहिते.

दादाने पाठवलेल्या फोटोत तुमचा नियम बघितला. मेलमध्ये फ्री, लोन, ऑफर, लकी, विनर यांपैकी एक जरी शब्द असला तरी मेल थेट डिलीट. आईचा रक्ताचा रिपोर्ट त्यातच गेला. लॅबच्या प्रत्येक मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत 'फ्री होम कलेक्शन' असं छापलेलं असतं. जीमेलचा नियम मजकुराची शेवटची ओळसुद्धा वाचतो, त्याला 'फ्री' दिसला आणि त्याने सांगितलेलं काम केलं. पुसलेला मेल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो म्हणून रिपोर्ट सापडला, पण तोवर आई चार दिवस काळजी करत बसली होती. ते ऐकून मला राहवलं नाही.

माझं रोजचं काम ऑफिसच्या मेल सर्व्हरचं आहे, तेव्हा यातलं एक मी ठामपणे सांगू शकते. नियम लिहिताना काय फेकायचं हे आधी ठरवायचं नाही, काय हरवता कामा नये ते आधी ठरवायचं. दहा जाहिराती डोळ्यांसमोर आल्या तर दहा सेकंद जातात. एक रिपोर्ट, एक प्रीमियमची नोटीस किंवा बँकेचं एक पत्र गेलं तर ते गेलंय हेच आपल्याला कळत नाही. या दोन चुकांचं वजन सारखं नाही.

शब्द बघून मेल पुसण्याचा विचार पूर्वी सगळ्यांनीच केला होता. पॉल ग्रॅहम नावाच्या प्रोग्रॅमरने कित्येक महिने असे नियम लिहिले आणि २००२ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यापेक्षा आकडेवारीची पद्धत कितीतरी बरी. बाबा, हे वाचून तुम्हाला गंमत वाटेल: ही पद्धत म्हणजे तुम्ही शिकवायचात ती सशर्त संभाव्यता, एक गोष्ट घडलीय हे माहीत असताना दुसरी असण्याची शक्यता किती ते काढणं. तिचा पाया घालणाऱ्या थॉमस बेझचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला, आणि अडीचशे वर्षांनंतर आपल्या इनबॉक्सच्या दारात तोच गणित करतोय. 'फ्री हा शब्द वाईट' असं ती पद्धत म्हणतच नाही. ती विचारते, या माणसाला आलेल्या मेलपैकी ज्यांत हा शब्द होता, त्यातले किती कचरा निघाले? मग सगळ्या शब्दांची उत्तरं एकत्र करून निकाल देते. तुमच्या मेलमध्ये आईच्या लॅबचं नाव, तुमच्या शाळेचं नाव, सांगलीचा पत्ता असे शब्द आले की ते मेलच्या बाजूने साक्ष देतात. ग्रॅहमला तर असं दिसलं की मेलमधली अक्षरं भडक लाल करणारा रंगाचा कोड हा कचरा ओळखायला अश्लील शब्दांइतकाच पक्का पुरावा आहे. माणसाने बसून नियम लिहिले असते तर हे कुणाला सुचलं असतं?

२००१ मध्ये आलेलं स्पॅमअसॅसिन नावाचं सॉफ्टवेअरही एका खुणेवर कुणाला दोषी धरत नाही. प्रत्येक संशयास्पद खुणेला थोडे गुण, काही चांगल्या खुणांना उणे गुण, आणि बेरीज ५ किंवा त्याहून जास्त झाली तरच तो मेल स्पॅम. तुमच्या नियमात मात्र एकाच शब्दावर फाशी आहे.

आणि शब्दांचे नियम खऱ्या चोरांना पकडत नाहीत. ते 'लोन' लिहिताना इंग्रजी ओच्या जागी शून्य घालतात, अक्षरांमध्ये टिंबं टाकतात, नाहीतर सगळा मजकूर चित्रात घालून पाठवतात. तुम्ही रोज पाठवणाऱ्यांचे पत्ते ब्लॉक करत बसता, त्याचाही उपयोग नाही, कारण त्यांचा पत्ता उद्या वेगळा असतो. ही लढाई जीमेलवर सोडा. तसा मेल इनबॉक्समध्ये आलाच तर पुसू नका, वरचं 'रिपोर्ट स्पॅम' दाबा, म्हणजे त्याला शिकायला मिळतं. चांगला मेल स्पॅममध्ये दिसला तर 'नॉट स्पॅम' दाबा. हे दुसरं बटण पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे आणि लोक ते विसरतात.

मग आपले नियम कशासाठी? तर मधल्या ढिगासाठी. साड्यांची दुकानं, सहलीच्या कंपन्या, म्युच्युअल फंडवाले. हे चोर नव्हेत, कधीतरी आपणच त्यांना पत्ता दिलेला असतो. त्यांचे पत्ते बदलत नाहीत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तळाशी 'अनसबस्क्राइब' हा शब्द असतो. तोच धरायचा.

दुपारी निवांत बसून कॉम्प्युटरवर करा, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये नियम तयार करता येत नाहीत. आधी तो जुना नियम काढून टाका. मग वर शोधायच्या चौकटीच्या उजव्या कडेला आडव्या रेघांचं चिन्ह आहे, त्यावर टिचकी मारली की फॉर्म उघडतो. 'हॅज द वर्ड्स' या ओळीत इंग्रजीत अनसबस्क्राइब लिहा. एक जागा सोडून वजाचं चिन्ह, त्याला चिकटून फ्रॉम, कोलन आणि लॅबचा पत्ता, मध्ये जागा न सोडता. पुन्हा तसंच वजा आणि बँकेचा पत्ता. मग विमा कंपनीचा. म्हणजे 'अनसबस्क्राइब असलेले सगळे, वजा लॅब, वजा बँक, वजा विमा'. हे वजा त्याच नियमात लिहायचे, कारण जीमेलमध्ये नियमांना क्रम नसतो. आउटलुकमध्ये 'हा नियम लागला की पुढचे पाहू नकोस' असं सांगता येतं, इथे सगळे नियम प्रत्येक मेलला लागतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. 'क्रिएट फिल्टर' लगेच दाबू नका, शेजारचं 'सर्च' दाबा. या नियमात आजवरचे कोणते मेल सापडले असते ते सगळे समोर येतील. दोन-तीन पानं वर-खाली करून बघा. त्यात एखादा कामाचा मेल दिसला तर त्याचा पत्ताही वजा करा. मुलांना तुम्ही उत्तराचा ताळा करून बघितल्याशिवाय वही मिटू द्यायचा नाहीत, तोच हा ताळा. जुळला की पुन्हा तो फॉर्म उघडून 'क्रिएट फिल्टर' दाबा, आणि तिथे 'डिलीट इट'ला हात लावू नका. 'स्किप द इनबॉक्स' आणि 'अप्लाय द लेबल' या दोनच खुणा करा, लेबलला 'जाहिराती' नाव द्या. रविवारी एकदा तिकडे नजर टाकली की झालं.

लॅब, विमा आणि बँक यांच्यासाठी एक वेगळा नियम करा: 'फ्रॉम'मध्ये त्यांचा पत्ता आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर खूण. पण इथे कंजूषपणा करा. नाव नाही, '@'नंतरचा भाग नीट बघून लिहा. मेल कुणाच्या नावाने आलाय हे दिसतं ते नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक चांगलं काम केलंय. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' हे फक्त बँकांनाच मिळतं, ते देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं होतं. तेव्हा बँकेची साइट उघडायची असली की मेलमधल्या लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा आणि शेवट तोच आहे ना ते बघा.

आई, हे तुझ्यासाठी. बाबांच्या नियमांतून सुटून एखादा मेल येणारच, 'रिफंड मंजूर झालाय, आजच खात्याची माहिती भरा' असा. घाई करायला लावणारा मेल दिसला की बाबांनाही काही दाबू देऊ नकोस, आधी मला किंवा दादाला फोन कर, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. अनोळखी मेलच्या तळाचं अनसबस्क्राइबसुद्धा दाबायचं नाही, त्याने हा पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. आणि चुकून पैसे गेलेच तर आमची वाट न बघता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायचा. हा नंबर फ्रिजवर लावून ठेव.

बाबा, चांगल्या मेलची यादी झाली की मला पाठवा. गॅस, वीज, पेन्शन, डॉक्टर, आईचा संस्कृतचा वर्ग, सगळं त्यात हवं. आईला विचारूनच करा, तिच्या लक्षात राहतं. आणि व्हिटॅमिन डी कमी आलंय, त्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू केल्या का ते कळवा.

तुमची,
शुभा