न्यूरोलॉजीच्या रेसिडेन्सीतल्या लेकीस

चि. अन्वी,
अनेक आशीर्वाद.

विभागाच्या भिंतीवर माजी रेसिडेंट्सची नावं पाहिलीस आणि विचारलंस, की डीएमच्या, म्हणजे एमडीनंतरच्या या विशेष पदवीच्या, तीन वर्षांत नक्की काय मिळवायचं असतं. भिंतीवर सुवर्णपदकं असतात, परदेशातल्या फेलोशिप असतात. मिळाली तर आनंदच आहे. पण सहकारी तुझी पारख कशावरून करतील, तर रात्री तीन वाजता तू केस पेपरवर जे लिहिलंस त्याच्या भरवशावर सकाळच्या माणसाला पुढचा निर्णय घेता येतो की नाही, यावरून. 'रुग्ण स्थिर आहे' ही नोंद नव्हे. नोंदीत वेळ हवी आणि आकडा हवा.

पहिल्या सहा महिन्यांत कॅज्युअल्टीचा फोन बहुतेक स्ट्रोकसाठीच येईल. नातेवाईक म्हणतील, "सकाळी सहाला अंगावरून वारं गेलं." सहा ही त्यांच्या लक्षात आल्याची वेळ. तुला हवी आहे ती रुग्ण शेवटचा धडधाकट दिसल्याची. तो रात्री दहाला झोपला असेल तर घड्याळ दहापासूनच धावतं. पण चारला उठून तो नीट चालत बाथरूमला गेला होता, हे बायकोला आठवलं, तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत सकाळी साडेआठपर्यंत आहे. म्हणून खोदून विचार: मध्ये पाणी मागितलं का, फोन उचलला का, दूध कोणी घेतलं. आणि जे कळेल ते कोणी सांगितलं त्याच्या नावासकट लिही, कारण तासाभरात दुसरा नातेवाईक वेगळीच वेळ सांगतो.

मग बोटातून साखर तपास. साखर ४० वर आलेला माणूस हुबेहूब अर्धांगवायूसारखा दिसतो आणि ग्लुकोज गेल्यावर उठून बसतो. वजन शक्य असेल तर काट्यावर घे. ते इंजेक्शन म्हणजे अल्टेप्लेज. त्याचा डोस किलोला ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९०. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५८.५ मिलिग्रॅम: त्यातले ५.८५ एका मिनिटात, उरलेले ५२.६५ एका तासात. हे गणित सिस्टरसमोर मोठ्यानं कर आणि तिला पडताळायला सांग. त्याऐवजी त्याच कामाचं टेनेक्टेप्लेज वापरणार असाल तर जास्तच सावध राहा. स्ट्रोकला ते किलोला ०.२५, कमाल २५ मिलिग्रॅम देतात. हृदयविकाराच्या झटक्यात तेच औषध वजनानुसार ५० पर्यंत जातं. दोन्हींचं खोकं सारखंच असू शकतं आणि मेंदूत रक्तस्राव व्हायला एवढी चूक पुरते.

रक्तदाब हे औषध सुरू करण्याआधी १८५/११० च्या खाली आणि नंतर २४ तास १८०/१०५ च्या आत. वेळ कुठे जातो म्हणशील तर सीटीत फारसा जात नाही. तो ट्रॉलीची वाट बघण्यात जातो, लिफ्टमध्ये जातो, आणि सगळ्यात जास्त लॅबच्या रिपोर्टची वाट बघण्यात जातो. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत नसेल आणि रक्तस्रावाच्या आजाराची शंका नसेल, तर आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी, थांबायचं नसतं. साखर कळली आणि सीटीत रक्त दिसलं नाही की पुरे. औषध गेल्यावर रायल्स ट्यूब किंवा कॅथेटर घालायची घाई करू देऊ नकोस. ॲस्पिरिन २४ तासांनी, पुन्हा सीटी करून. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर थ्रोम्बेक्टॉमीसाठीचा (नळी घालून गुठळी ओढून काढण्यासाठीचा) फोन इंजेक्शन चालू असतानाच लाव, 'आधी गुण येतो का बघू' म्हणून थांबू नकोस.

फिट थांबत नाही म्हणून कॉल आला, तर बहुधा औषध चुकलेलं नसतं, कमी पडलेलं असतं. पहिलं इंजेक्शन लोराझेपाम: किलोला ०.१, एका वेळी कमाल ४ मिलिग्रॅम. एकदा पुन्हा देता येतं. लोक श्वासाच्या भीतीनं दोनच देतात आणि मग फिट चालूच राहते, श्वास तिनंच बंद पडतो. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, म्हणून ड्यूटी सुरू होताना वॉर्डाच्या फ्रिजमध्ये आहे का ते बघून घे. पुढचं औषध लेव्हेटिरासेटाम दिलंस तर किलोला ६० मिलिग्रॅम, कमाल ४५००. साठ किलोच्या माणसाला ३६०० म्हणजे ५०० च्या सात कुप्या आणि वर थोडं. 'एक ग्रॅम दिलंय, लागू पडलं नाही' हे वाक्य तुला दर आठवड्याला ऐकू येईल. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लेव्हेटिरासेटाम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट तिन्ही जवळपास सारखीच ठरली, निम्म्याच्या आसपास रुग्णांत लागू पडली. तेव्हा कोणतं द्यायचं यावर वाद घालू नकोस, जे हाताशी आहे ते पूर्ण डोसात दे. (गरोदरपणाची शक्यता असेल तर व्हॅल्प्रोएट टाळ, तो वेगळा विषय आहे.) फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये कधीच नाही, स्फटिक होतात, सलाइनमध्ये, मिनिटाला ५० मिलिग्रॅमहून जास्त वेग नको, मॉनिटर लावून. आणि झटके थांबूनही अर्ध्या-एक तासात माणूस शुद्धीवर येत नसेल तर 'औषधाची गुंगी' असं लिहून मोकळी होऊ नकोस. आतल्या आत फिट चालू असू शकते. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, माग.

गियाँ-बारेत, म्हणजे नसांवर सूज येऊन अंग लुळं पडत जाणाऱ्या आजारात, सगळे रक्तातल्या ऑक्सिजनच्या सॅच्युरेशनकडे बघतात आणि तिथेच फसतात. ९८ टक्के असतानाही छातीचे स्नायू संपत आलेले असतात. आकडा पडतो तो शेवटी. एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर चार तासांनी लिही, मान उचलता येते का ते लिही, कारण मान आणि श्वासपटल साधारण बरोबरच कमकुवत होतात. संध्याकाळी ३०, रात्री २२, पहाटे १४ असा उतार कागदावर दिसला की श्वासाची ट्यूब कधी टाकायची यावर वाद उरत नाही. स्पायरोमीटर असेल तर व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन बाहेर सोडता येणारी हवा) किलोला २० मिलिलीटरच्या खाली जाणं ही रेषा. पहिल्या आठवड्यात पाठीच्या पाण्यातलं प्रोटीन नॉर्मल येऊ शकतं, नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांच्या वहनाची तपासणीही. त्यावरून निदान सोडू नकोस. इम्युनोग्लोब्युलिन किलोला रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. पालिकेच्या रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबाला हा खर्च झेपत नाही. पहिल्याच दिवशी समाजसेवा अधिकाऱ्यांना गाठ आणि त्याच वेळी प्लाझ्मा एक्स्चेंजची, म्हणजे रक्तातला द्रव बदलण्याच्या उपचाराची, चौकशी कर. दोन्हींचा गुण सारखाच आहे, आणि एकापाठोपाठ दोन्ही दिल्यानं खास जास्त मिळत नाही. पैशाअभावी चार दिवस काहीच न देता गेले, तर ते मात्र भरून निघत नाहीत.

पावसाळ्यात पालघर-रायगडकडून एखादा तरुण व्हेंटिलेटरवर येईल. पापण्या मिटलेल्या, हातपाय हलत नाहीत, बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला दाद न देणाऱ्या. सोबतच्या चिठ्ठीवर ब्रेनस्टेम (मेंदूच्या देठाचा) स्ट्रोक लिहिलेलं असेल, क्वचित ब्रेन डेथ, म्हणजे मेंदू मृत, असंसुद्धा. विचार: रात्री जमिनीवर झोपला होता का, पहाटे पोट दुखलं का, आधी पापण्या जड झाल्या का? मण्यारीच्या दंशाची खूण बहुतेकदा दिसतही नाही आणि सूजही नसते. तो आतून जागा असू शकतो, सगळं ऐकत असू शकतो. म्हणून त्याच्या खाटेपाशी काय बोलता याचं भान ठेवा. प्रतिविष द्या, पण मण्यारीचं विष नसेच्या टोकाचीच हानी करतं, त्यामुळे स्नायूंची ताकद परत आणणाऱ्या निओस्टिग्मिन इंजेक्शननं नागदंशासारखा चटकन गुण येईलच असं नाही. श्वास सांभाळत कित्येक दिवस थांबावं लागतं. थांबलं तर अशी माणसं चालत घरी जातात. ब्रेन डेथच्या तपासण्या सहा तासांच्या अंतरानं दोनदा करायच्या असतात हे तुला पाठ आहे. त्याआधीची अट लोक घाईत विसरतात: कारण माहीत असलं पाहिजे, आणि विष, औषधं, थंड पडलेलं शरीर यांतलं काही नसलं पाहिजे.

पाठीचं पाणी काढताना क्षयाची शंका असेल तर नुसते दोन मिलिलीटर पाठवू नकोस. जंतू विरळ असतात. सहा-आठ मिलिलीटर मिळालं तर तपासणीत सापडण्याची शक्यता बरीच वाढते. त्याच वेळी रक्तातली साखर घे, नाहीतर पाण्यातली साखर ४० आली याचा अर्थच लावता येत नाही. दाब मोजताना रुग्णाचे पाय सैल कर, पोटाशी घट्ट दाबलेले असले तर आकडा खोटा वाढतो.

नर्व्ह कंडक्शन आणि ईईजीच्या लॅबची पोस्टिंग कंटाळवाणी वाटेल. तरी तिथे एक गोष्ट हाताला लावून घे: आधी त्वचेचं तापमान. एसी खोलीत हात २८ अंशांवर असेल तर नसेतल्या वहनाचा वेग कमी येतो आणि ठणठणीत माणसाला न्यूरोपथी, म्हणजे नसांचा आजार, चिकटते. हात ३२ च्या वर आणून मगच मोज. ईईजीतही असाच धोका आहे. डुलकीतल्या टोकदार पण निरुपद्रवी लहरींना फिट म्हटलं की एखाद्या मुलीचं लग्न आणि नोकरी दोन्ही अडतात, गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. शंका असेल तर 'नॉर्मल' लिहायला धीर लागतो, तो धर.

आता भिंतीवरच्या यशाबद्दल. जेजेत न्यूरोलॉजी विभाग उभारणारे डॉ. नोशिर वाडिया यांनी सहकारी स्वामींसोबत १९७१ साली 'ब्रेन' नियतकालिकात नऊ कुटुंबं नोंदवली: चाल डळमळीत, आणि नजर एका बाजूकडून दुसरीकडे नेताना डोळे विलक्षण सावकाश फिरणारे. एमआरआय तेव्हा नव्हता. बोट डावीकडे-उजवीकडे धरून डोळे बघणं, आणि घरातल्या प्रत्येकाचे बघणं, एवढंच साधन. आज आपण ज्या आनुवंशिक आजाराला एससीए-२ म्हणतो त्याचं हे चित्र. त्याचा जनुक सापडला १९९६ मध्ये. त्याच १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली आणि नंतर काहींचे पाय पोलिओसारखे लुळे पडले, तेव्हा दोन्हींचा धागा वाडिया आणि सहकाऱ्यांनी जोडला. पाय लुळे पडलेल्याला 'मध्यंतरी डोळे आले होते का' हे विचारल्याशिवाय तो जुळत नाही. बंगळुरूहून न्यूरोलॉजिस्ट डॉ. गौरीदेवींनी १९८४ मध्ये एकाच हाताचा किंवा पायाचा स्नायू झिजणारे तरुण वेगळे काढले, तेही असंच बारकाईनं बघून. म्हणून रोज संध्याकाळी एक रुग्ण तरी पूर्ण तपास, घाई असेल त्या दिवशीही. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, ऑफ्थॅल्मोस्कोप, लाल टोकाची टाचणी खिशात हवी. परीक्षेच्या लाँग केसमध्ये मुलं आजाराचं नाव आधी सांगतात आणि तिथेच घसरतात. आधी जागा सांगायची, मेंदू की कणा की नस की स्नायू, कोणती पातळी; आजाराचं कारण त्यानंतर.

प्रबंधाला तुझ्या वॉर्डात दर आठवड्याला दिसणारा आजार घे. क्षयाचा मेंदूज्वर घे, फिट घे. दुर्मिळ आजाराचे वर्षभरात सहा रुग्ण मिळतात, आणि ज्या चाचणीचं किट विभाग विकत घेत नाही ती प्रोटोकॉलमध्ये लिहिलीस तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कागद कोरा असतो. एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत एकही रुग्ण धरू नकोस. संमतीपत्र मराठी-हिंदीत आधीच तयार ठेव. डेटा शीटची प्रत दोन ठिकाणी ठेव, वॉर्डाच्या संगणकावर विसंबून राहू नकोस.

बाकी, साप्ताहिक सुटी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत आहे, ड्यूटी चार्टवर ती कधी दिसेल ते तुमच्या लेक्चररना विचार, लाजू नकोस. रात्री बारापूर्वी वीस-पंचवीस मिनिटं आडवी हो, पहाटे चारची गणितं त्यावर चालतात. सकाळचा हँडओव्हर तोंडी नको, लेखी दे: कोण, काय झालं, किती वाजता, पुढचं कधी बघायचं. आणि पोस्ट-कॉल, म्हणजे रात्रीची ड्यूटी संपवून निघणार, असशील त्या दिवशी स्कूटर हॉस्पिटलातच ठेव, लोकलनं किंवा टॅक्सीनं जा. डबा मंगळवारी पाठवते, सोबत ट्यूनिंग फोर्कही आहे.

तुझी,
आई