डंपातला माल फक्त लोहाच्या टक्क्यावर तोलू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या लोहखाणींच्या डंपांची (खाणकामात बाजूला टाकलेल्या मालाच्या ढिगांची) हाताळणी आणि नव्याने लिलाव झालेले खाणपट्टे यांवर सध्या जी चर्चा चालते, तिच्यात खनिजाची ओळख एकाच आकड्याने होते : लोह किती टक्के? निर्यात शुल्काची रेषा ५८ टक्क्यांवर आहे. वर गेले तर ३० टक्के शुल्क, खाली राहिले तर शून्य. त्यामुळे व्यापाराला हा आकडा पुरतो. पण डंप धुऊन त्यातून काय निघेल, काय काही केल्या निघणार नाही आणि किती चिखल मागे उरेल, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी माल कुठल्या जातीचा आहे ते पाहावे लागते, आणि ती जात भूरसायनशास्त्र, म्हणजे खडकाचे रासायनिक पृथक्करण, दाखवते.

समजा, दोन नमुन्यांत लोह सारखेच, ५६ टक्के आहे. म्हणजे फेरिक ऑक्साइड (लोह आणि ऑक्सिजन यांचे संयुग) सुमारे ८०. पहिल्यात सिलिका १७, अॅल्युमिना दीड आणि एलओआय (१००० अंशांवर तापवल्यावर घटणारे वजन) एक टक्का. हा पट्टेदार हेमेटाइट क्वार्ट्झाइटमधून (लोहखनिज आणि गारेचे आलटून पालटून पट्टे असलेल्या खडकातून) आलेला, अर्धवट समृद्ध झालेला माल. यातली सिलिका क्वार्ट्झच्या सुट्या कणांत असते. दळून जिग किंवा स्पायरल या जड-हलके कण पाण्यात वेगळे करणाऱ्या यंत्रांवर घातला तर ती वेगळी होते. दुसऱ्यात सिलिका ४, अॅल्युमिना साडेसहा, एलओआय साडेआठ. हा जांभ्याच्या थरातला गोएथाइटयुक्त (पाणी धरून ठेवणाऱ्या लोहखनिजाचा) माल. शुद्ध केओलिनमध्ये (पांढऱ्या चिकणमातीत) अॅल्युमिना आणि सिलिका यांचे गुणोत्तर ०.८५ असते, इथे ते १.६ च्या वर जाते. म्हणजे केओलिनचा वाटा वजा केल्यावरही तीन टक्क्यांहून अधिक अॅल्युमिना शिल्लक राहते. ती गिब्साइट या अॅल्युमिनियमच्या खनिजात असेल, नाहीतर थेट गोएथाइटच्या स्फटिकात लोहाच्या जागी बसलेली असेल. स्फटिकात बसलेली अॅल्युमिना कितीही पाणी वापरून धुतली तरी सुटत नाही. फॉस्फरसचीही बहुधा हीच गत. अशा मालावर वॉशिंग प्लांट चालवला तर लोह फारसे वाढत नाही, टेलिंग पाँड (धुण्यातून उरलेला चिखल साठवण्याचे तळे) मात्र लवकर भरतो.

आपल्या पट्ट्यात या दोन्ही जाती शेजारी शेजारी सापडतात. डिचोली, सत्तरीपासून सांगेपर्यंत वायव्य-आग्नेय पसरलेल्या लोहमय थरांतून पावसाच्या पाण्याने सिलिका विरघळवून नेली आणि लोह मागे राहिले. वर जांभा, त्याखाली कडक ढेकळांचा माल, मग ठिसूळ थर आणि निळसर भुकटी. खाणकामात हे सगळे एकाच डंपावर पडले. म्हणूनच डंपाचा एक सरासरी आकडा काढणे घातक आहे.

नमुना घेण्यात सर्वाधिक चूक होते, आणि इथली चूक पुढे कोणतीही प्रयोगशाळा दुरुस्त करू शकत नाही. टिपर रिकामा होतो तेव्हा मोठी ढेकळे उतारावरून पायथ्याशी जातात, बारीक माल वर राहतो. पुढे पाऊस पृष्ठभागावरची माती धुऊन नेतो. वरवर फावड्याने उचललेला नमुना त्यामुळे डंपाचा नव्हे, डंपाच्या सालीचा असतो. तळापर्यंत भोके घेऊन दर दोन मीटरचा नमुना स्वतंत्र ठेवावा. तो रिफलमधून (नमुन्याचे समान भाग करणाऱ्या खाचांच्या पेटीतून) विभागावा आणि रिफलचा गाळा सर्वांत मोठ्या कणाच्या किमान तिप्पट रुंद असावा.

नमुना १०५ अंशांवर वाळवून ७५ मायक्रॉनखाली दळतात. पोलादी गिरणीतून लोह आणि क्रोमियम मिसळते, टंगस्टन कार्बाइडमधून टंगस्टन आणि कोबाल्ट. अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्ये मोजायची असतील तर अगेट (अकीक) दगडाची गिरणी वापरावी. एक्स-रे फ्लुरोसन्ससाठी (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजण्याच्या पद्धतीसाठी) भुकटी दाबून केलेली गोळी टाळावी. तेच मूलद्रव्य वेगळ्या खनिजात असले की वेगळे वाचन देते. सुमारे दहापट लिथियम बोरेटबरोबर वितळवून काचेची चकती करावी. एकूण बेरीज ९८.५ ते १०१ च्या बाहेर गेली तर निकाल परत पाठवावा. खोलवरच्या मॅग्नेटाइटयुक्त (चुंबकीय लोहखनिज असलेल्या) मालात आणखी एक फसगत होते. तापवताना फेरस लोह (लोहाचे कमी ऑक्सिजन असलेले रूप) ऑक्सिजन घेते आणि दर एक टक्का फेरस ऑक्साइडमागे एलओआय ०.११ ने कमी दिसतो. फेरस लोह डायक्रोमेट टायट्रेशन या रासायनिक मापनाने वेगळे मोजल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

मूळ खडक कसा तयार झाला हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवरून (युरोपियम, सिरियम यांसारख्या धातूंवरून) कळते. युरोपियमचे आधिक्य सागरतळाच्या उष्ण द्रावांकडे बोट दाखवते, यट्रियम-होल्मियमचे चढे गुणोत्तर समुद्राच्या पाण्याकडे. पण ही वाचने जांभ्याखालच्या ताज्या गाभ्यावरच घ्यावीत. जांभ्यात सिरियम नव्याने ऑक्सिडाइझ होऊन जुनी खूण पुसते. सांगे तालुक्यातल्या रिवण परिसरातल्या मँगनीजलाही हेच लागू. कोबाल्ट-जस्त गुणोत्तर ०.१५ च्या आसपास असेल तर उष्ण द्रावांतला आणि २.५ च्या आसपास असेल तर समुद्राच्या पाण्यातून बसलेला निक्षेप, असे मानतात. पण कुजलेल्या खडकात मँगनीज ऑक्साइड कोबाल्ट ओढून घेतात आणि गुणोत्तर फसवे होते. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत मँगनीज नोड्यूल्सवर (सागरतळावरच्या मँगनीजच्या गोट्यांवर) दशकानुदशके काम झाले आहे. हे कौशल्य शोधायला गोव्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

सरकारने डंपाच्या प्रत्येक अहवालात लोहासोबत फेरस ऑक्साइड, सिलिका, अॅल्युमिना, टायटेनियम, मँगनीज, फॉस्फरस आणि एलओआय भोकागणिक, खोलीगणिक द्यायला लावावे. दर वीस नमुन्यांमागे एक प्रमाणित (घटक आधीच माहीत असलेला) आणि एक दुबार नमुना असावा. प्रत्येक नमुन्याची शंभर ग्रॅम भुकटी सीलबंद करून सरकारी ताब्यात ठेवावी, म्हणजे कुणी निकालावर हरकत घेतली तर डंप उचलून नेल्यानंतरही तो पुन्हा तपासता येईल.

आपला,
एक भूविज्ञान अभ्यासक, डिचोली