त्या वर्षीच्या अहवालात मामांचे नाव नव्हते

महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांचे वार्षिक अहवाल लिहिण्याचे हे दिवस आहेत. मी मुंबईच्या एका उपनगरात ३१ वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि त्यातली काही वर्षे हा अहवाल जुळवण्याचे काम माझ्याकडे होते. कोणाचे शोधनिबंध छापून आले, परिसंवादाला कोण गेले, पीएच.डी. कोणाची पूर्ण झाली, अभ्यास मंडळावर कोणाची नेमणूक झाली, हे फॉर्मवर मागवायचे आणि ‘प्राध्यापक व कर्मचाऱ्यांची कामगिरी’ या मथळ्याखाली छापायचे. मथळ्यात कर्मचारी असत. खालच्या मजकुरात मात्र ते निवृत्त झाले किंवा वारले तरच येत.

आमच्या लॅबमध्ये एक परिचर होते. सगळे कॉलेज त्यांना मामा म्हणे. २६ जुलै २००५ चा तो मंगळवार मुंबईत कोणी विसरणार नाही. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमची लॅब तळमजल्यावर. दुपारचे प्रॅक्टिकल चालू असतानाच आवारात पाणी चढू लागले. मुलांना वर ग्रंथालयात नेण्यात मी गुंतले आणि मामा खालीच थांबले. सोडियम धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, कारण पाणी लागले की तो पेट घेतो. आमच्या सोडियमच्या बाटल्या अगदी खालच्या कपाटात होत्या. वीज गेलेली, पाणी घोट्यावरून गुडघ्याकडे निघालेले. मामांनी आधी त्या बाटल्या पहिल्या मजल्यावर नेल्या. मग तीव्र सल्फ्युरिक आम्लाच्या अडीच-अडीच लिटरच्या बाटल्या, एका खेपेला एकच, दुसरा हात कठड्यावर. किती खेपा झाल्या ते त्यांनी मोजले नाही, आम्हीही नाही. घरी परतू न शकलेली साठ-सत्तर मुले त्या रात्री इमारतीत झोपली होती.

मामा दहावीच्या पुढे शिकलेले नव्हते. पण सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन, गंधक वगैरे आहे का हे पाहणाऱ्या लासेन टेस्टसाठी सोडियमचे वाटाण्याएवढे तुकडे कापून, फिल्टर पेपरवर टिपून मुलांना देण्याचे काम वर्षानुवर्षे त्यांचेच होते. त्या धातूला पाणी लागले की काय होते, हे त्यांच्याइतके जवळून आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते. त्या दिवशी कोणी त्यांना सूचना दिली नव्हती.

त्या वर्षीच्या अहवालात माझ्या एका शोधनिबंधाला तीन ओळी मिळाल्या. पुराबद्दल एकच वाक्य होते: ‘सुदैवाने प्रयोगशाळेची मोठी हानी टळली.’ ते वाक्य मीच लिहिले होते. ‘सुदैवाने’च्या जागी एका माणसाचे नाव लिहायला हवे होते. इतक्या वर्षांनी आजही ते मला बोचते.

मामांची एक वहीसुद्धा होती, लाल कापडी पाठीची, वाण्याकडे असते तशी. कुठल्या बॅचला किती द्रावण लागते, कुठल्या ब्युरेटची तोटी ग्रीस लावूनही गळते, पावसाळ्यात कुठल्या बाटलीचे बूच अडकते, सिल्व्हर नायट्रेट कोणत्या कपाटात ठेवले तर काळे पडत नाही, असे सगळे पेन्सिलीने लिहिलेले. नवीन आलेला प्रत्येक प्राध्यापक पहिले सहा महिने त्या वहीवर काढी, मीही काढले. मामा निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही, कंत्राटी मुले येत-जात राहिली. पुढे लॅबची डागडुजी निघाली तेव्हा ती वही रद्दीत गेली. तिची झेरॉक्स काढून ठेवावी असे माझ्याही मनात आले नाही.

महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनाला आकडे लागतात, हे मला ठाऊक आहे. शोधनिबंध किती, पेटंट किती, कार्यशाळा किती. पण प्राध्यापकांचे कामसुद्धा या आकड्यांतून कळत नाही. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये डॉ. कमला सोहोनी यांनी नीरेवर संशोधन केले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा उपयोगी पडते, हे त्यातून दिसले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. हे मी माझ्या आईला स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या सांगू शकत होते. आजच्या अहवालातल्या निबंधांची नावे तेवढी सांगून पाहावीत. कशावर काम केले आणि ते कोणाच्या कामी येईल, हे दोन मराठी वाक्यांत लिहायला काय हरकत आहे?

आणि कार्यालयातली माणसे? इरावती कर्वे बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आल्या आणि १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी ठाकरसी महिला विद्यापीठाचा प्रशासकीय कारभार सांभाळला. मानववंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांना सारे ओळखतात, त्या पाच वर्षांबद्दल कोणी बोलत नाही. मग परीक्षा विभागात रात्री नऊपर्यंत थांबून गुणपत्रिका तपासणाऱ्या लिपिकांचे नाव कोण घेणार? फाटक्या पुस्तकांची पाने खळीने चिकटवत बसणाऱ्या ग्रंथालयातल्या मावशींचे? काही ठिकाणी वर्षाला एक ‘उत्कृष्ट कर्मचारी’ पुरस्कार देतात. शाल आणि नारळ मिळतो, ती व्यक्ती नेमके काय करते हे त्यातूनही लिहिले जात नाही.

येत्या १८ जुलैला मुंबई विद्यापीठाचा वर्धापन दिन आहे, १८५७ पासूनचा. त्याआधी प्रत्येक विभागातल्या एका तरी प्राध्यापकाने आपल्या लॅबमधल्या, ग्रंथालयातल्या, कार्यालयातल्या जुन्या माणसाशेजारी तासभर बसावे आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून त्याच्या नावानिशी अहवालात छापावे. फॉर्म त्याच्या हातात देऊ नये, फॉर्मवर तो ‘काही नाही’ असेच लिहील. मामांनीही तेच लिहिले असते. आणि कोणाकडे अशी वही असेल तर तिची प्रत आजच काढून ठेवावी.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, मुंबई