चिऊची उत्तरपत्रिका तुमच्याकडे पाठवत आहे

विश्रामबाग, सांगली
गुरुवार, ५ जून २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या आठवड्यात फोनवरचे बोलणे अर्धवट राहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. चिऊच्या दहावीच्या गणिताच्या आणि विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांची छायाप्रत मागवली आहे, असे मी सांगताच बाबा, तुम्ही "मागून घेतलेले गुण अंगी लागत नाहीत" एवढेच म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. त्यानंतर आईने विचारले की, रिचेकिंग म्हणजे सगळा पेपर पुन्हा तपासतात का, आणि त्याचे उत्तर देण्याआधीच तुमच्याकडची लाइट गेली. ती दोन्ही उत्तरे माझ्याकडून राहिली आहेत. फोनवर मला ती नीट देताही आली नसती, कारण तुमच्याशी गणिताबद्दल वाद घालताना माझा आवाज अजूनही नववीतल्या मुलीसारखा होतो.

आधी आईचे उत्तर. आई, ज्याला आपण सरसकट रिचेकिंग म्हणतो, त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गुणपडताळणी. तिच्यात बेरीज बरोबर आहे का, प्रत्येक उत्तराला गुण दिले आहेत का आणि आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावर नीट उतरले आहेत का, एवढेच पाहतात. उत्तर कोणी नव्याने वाचत नाही. तिला विषयाला ५० रुपये पडतात. दुसरी छायाप्रत, म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत आपल्या हातात येते. तिला विषयाला ४०० रुपये. तिसरे पुनर्मूल्यांकन, ज्यात उत्तरपत्रिका खरोखर पुन्हा तपासली जाते आणि त्याचे विषयाला ३०० रुपये. मात्र छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन मागता येत नाही, आणि प्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत तो अर्ज करावा लागतो. हा क्रम मला तरी शहाणपणाचा वाटला. आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, मग तक्रार करायची की नाही ते ठरवा.

आता बाबांचे उत्तर, आणि ते लांबणार आहे.

बाबा, १९९५ साली माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा बीजगणितात मला अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडले होते आणि मी गुणपडताळणीचा अर्ज आणून तुमच्यासमोर ठेवला होता. तुम्ही तो घडी घालून पंचांगात ठेवलात. मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही स्वतः त्या वर्षी परीक्षक होता आणि आपल्या मुलीसाठी अर्ज केला तर लोक काय समजतील, हा संकोच तुम्हाला होता, हे मला फार उशिरा, तेही आईकडून कळले. तुमचा तो निर्णय चुकला असे मी आज म्हणत नाही. त्या काळी अर्ज केला असता तरी बेरजेपलीकडे काही पाहिलेच गेले नसते. विद्यार्थ्यांच्या बाजूने लागलेला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी फिरवला होता आणि विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका दाखवायची नाही, तिचे पुनर्मूल्यांकनही करायचे नाही, हा राज्य मंडळाचा नियम वैध ठरवला होता. तुमच्या संपूर्ण नोकरीचा काळ त्याच नियमाखाली गेला. उत्तरपत्रिका एकदा तपासून गेली की ती परक्याची झाली, ही तुमची भावना त्यातूनच आलेली असावी.

पुढे माहितीचा अधिकार आला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी निकाल दिला की, तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा अधिकार विद्यार्थ्याला आहे. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण त्याच निकालात तुमच्या मनातल्या एका भीतीचाही विचार केलेला आहे. परीक्षकाचे नाव, सही, क्रमांक असे काहीही विद्यार्थ्याच्या हाती पडता कामा नये, म्हणजे कोणी त्याच्या दारात जाऊन जाब विचारणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले आहे. "उद्या गल्लीतला कोणीही येऊन विचारेल, मास्तर, माझा अर्धा गुण का कापला" असे तुम्ही म्हणायचात ना, ती वाट तिथेच बंद केलेली आहे. आमच्या हाती आलेल्या प्रतीवरून पेपर कोणी तपासला, साताऱ्यात तपासला की आणखी कुठे, याचा काहीही पत्ता लागत नाही, आणि तो लावण्याची आमची इच्छाही नाही.

प्रत काल, बुधवारी, ई-मेलने आली. रात्री जेवणे झाल्यावर चिऊ, हे आणि मी असे तिघे टेबलाशी बसलो. विज्ञानाचा पेपर आधी उघडला, कारण चिऊचा सगळा राग विज्ञान भाग १ वर होता. 'शास्त्रीय कारणे लिहा' मधली सर्व उत्तरे बरोबर लिहून आले, असे ती मार्चपासून सांगत होती. तारे का लुकलुकतात, या प्रश्नाखाली तिने 'तारे पृथ्वीपासून फार दूर असतात' इतके लिहून पूर्णविराम दिलेला होता. वातावरणातील हवा हलत राहते, तिचा अपवर्तनांक सतत बदलतो, बिंदूसारखा दिसणारा ताऱ्याचा प्रकाश त्यामुळे कमीजास्त होतो, यातले एक अक्षरही नाही. दोनपैकी एक गुण होता. तो एक तरी कसा दिला, असे मला वाटले. पुढच्या एका पानावर तिने बरोबर लिहिलेले उत्तर स्वतःच खोडून खाली चुकीचे लिहिले होते. ती बराच वेळ त्या खोडलेल्या ओळींवर बोट ठेवून बसली आणि मग म्हणाली, "आई, विज्ञानाचा अर्ज नको." बाबा, ४०० रुपयांत हे वाक्य मला महाग वाटले नाही. निकालापासून रोज 'माझ्यावर अन्याय झाला' असे म्हणणारी मुलगी त्या रात्री त्या विषयापुरती गप्प झाली, आणि ती आम्ही समजावल्यामुळे नाही, स्वतःचे अक्षर पाहून झाली.

गणिताची गोष्ट वेगळी आहे. बीजगणितात काहीही म्हणण्यासारखे नाही. भूमितीच्या पेपरात वर्तुळाच्या प्रकरणावरचे चार गुणांचे एक उदाहरण आहे. मूळ आकडे सोबतच्या प्रतीत आहेतच; येथे सोयीचे आकडे घेऊन सांगते. वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूतून स्पर्शिका काढली आहे, तिची लांबी ८. त्याच बिंदूतून केंद्रातून जाणारी छेदिका काढली आहे आणि बिंदूपासून वर्तुळापर्यंतचे अंतर ४. त्रिज्या काढा. शाळेत शिकवलेली रीत स्पर्शिका-छेदिका प्रमेयाची: ८ चा वर्ग बरोबर ४ गुणिले (४ अधिक व्यास), म्हणून व्यास १२ आणि त्रिज्या ६. चिऊला परीक्षेत ते प्रमेय आठवले नाही. तिने केंद्रातून स्पर्शबिंदूला त्रिज्या जोडली, ती स्पर्शिकेला लंब असते हे कारण कंसात लिहिले आणि पायथागोरसचे प्रमेय लावले: (त्रिज्या अधिक ४) चा वर्ग बरोबर त्रिज्येचा वर्ग अधिक ६४. त्रिज्येचे वर्ग दोन्हीकडून जातात आणि उत्तर पुन्हा ६ च येते. तिला चारपैकी एक गुण मिळाला आहे.

आज सकाळी तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना प्रत दाखवली. त्यांच्या मते किमान तीन मिळायला हवेत, कदाचित चारही. परंतु त्या तिच्या बाई आहेत आणि मी तिची आई आहे, त्यामुळे आम्हा दोघींच्या मताला किती किंमत द्यायची, हे मला कळत नाही. आकृतीत तिने लंबाची खूण केलेली नाही, आणि मधली एक पायरी गाळली आहे, हेही खरे आहे. परीक्षकाने ते पाहून गुण कापले असतील, तर ते मला समजू शकते. शेकडो पेपर तपासताना एक वेगळी रीत नजरेतून निसटली असेल, तर तेही मला समजू शकते.

या दोन-तीन गुणांचे एवढे काय, असे तुम्ही विचाराल. उत्कृष्ट पाच विषयांचे मिळून ५०० पैकी तिचे ४३७ होतात, म्हणजे ८७.४० टक्के. तीन गुण वाढले तर ८८ टक्के पूर्ण होतात. पूर्वी आपल्या भागात अकरावीला गुणपत्रिका घेऊन महाविद्यालयाच्या खिडकीशी उभे राहिले की काम व्हायचे. यंदापासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्याला लागू झाले आहेत. दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम भरायचा आणि गुणवत्ता यादीची वाट पाहायची. अशा यादीत दशांशानेही माणूस वरखाली होतो. तिची विज्ञान शाखेची पहिली पसंती विलिंग्डन आहे. अर्थात पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत पहिली यादी लागूनही गेलेली असेल, त्यामुळे केवळ प्रवेशासाठी हा खटाटोप चालला आहे असे मी म्हणणार नाही. बरोबर रीतीने सोडवलेले उदाहरण चुकीचे ठरले, असा समज घेऊन तिने अकरावीच्या वर्गात बसावे, हे मला नको आहे. मी तशीच बसले होते. बीजगणित आपल्याला येत नाही, असे मी पुढची कित्येक वर्षे धरून चालले, आणि ते खरे होते की नाही, हे पाहायला माझ्याजवळ कागदच नव्हता.

आणखी एक जुनी आठवण लिहिते. तुम्ही ती विसरला असाल, आई विसरलेली नाही. मी चौथी-पाचवीत असेन. पेपर तपासून झाल्यावर तुम्ही प्रश्नवार गुण मोठ्याने वाचायचात आणि आई भाकरीचे पीठ मळता मळता तोंडी बेरीज करायची. (हे नियमात बसत होते का, हे मी आज विचारणार नाही.) एका रात्री आईची बेरीज तुमच्यापेक्षा कमी आली. दोघांनी पुन्हा केली, तरी चारांचा फरक राहिला. आईचे बरोबर निघाले, पण तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. एका पेपरात चूक झाली तर बाकीच्यांतही झाली असेल, म्हणून बांधलेला सगळा गठ्ठा सोडलात आणि पहाटेपर्यंत प्रत्येक पेपरची बेरीज नव्याने केलीत. एका पेपरात चिकटलेले पान निघाले. त्याच्या आत एक न वाचलेले उत्तर होते. तुम्ही ते वाचून गुण दिलेत आणि त्या मुलाला याचा पत्ताही लागला नाही. तुमच्यावर कोणी अविश्वास दाखवला नव्हता. तुम्हीच स्वतःचे काम पुन्हा पाहायला घेतले होते. चिऊच्या पेपराकडेही कोणीतरी तसेच एकदा पाहावे, इतकीच आमची मागणी आहे.

म्हणून एक विनंती आहे. हे उद्या कामासाठी साताऱ्याला येत आहेत आणि रविवारी दुपारच्या एसटीने परत निघतील. त्यांच्याबरोबर भूमितीच्या पेपरची प्रत पाठवत आहे. तुमच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांसाठी ती मोठ्या आकारात छापून घेतली आहे आणि पावसामुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आहे. परीक्षकाने दिलेल्या सर्व गुणांवर मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. त्या काढू नका. वर्तुळाच्या उदाहरणाला काय मिळाले, हे मी वर लिहून बसले आहे, हा माझा मूर्खपणा. पण तुम्ही ते विसरून तपासू शकाल, याबद्दल मला शंका नाही. पेपर आपल्या नातीचा आहे, हेही तितके विसरता आले तर बरे. संपूर्ण पेपर तपासावा, एकच उदाहरण नको, कारण दुसरीकडे कुठे तिला जास्त गुण पडले असतील तर तेही आम्हाला कळायला हवे.

त्या उदाहरणाला तुम्ही एकच गुण दिलात, तर आम्ही पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करणार नाही. हे चिऊने स्वतः कबूल केले आहे. जास्त दिलेत, तर सोमवारी सकाळी अर्ज भरू. मुदत मंगळवारपर्यंत आहे. तुमचे मत अर्जाला जोडायचे नाही, तुमचे नावही कुठे येणार नाही. ते फक्त आमच्यासाठी हवे आहे.

आई, बेरीज तू मोठ्याने कर. लाल पेन्सिल पिशवीतच ठेवली आहे, टोक करून.

तुमची,
ताई