पॉइंट टिकचे, गोळीचे नाहीत

संपादक साहेब, नमस्कार

रोजची गोळी न चुकता घेतली की पैसे किंवा बक्षीस द्यायचं म्हणजे पेशंटला सवय लागेल, असं तुमच्या पेपरात वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण वडिलांच्या बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा हिशोब गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे.

वडिलांच्या मोबाईलवर एक अ‍ॅप होतं, गोळी घेतली की टिक करायचं, टिकला पॉइंट, पॉइंट साठले की डिस्काउंट. पहिले दोन महिने एकही दिवस चुकला नाही, आम्ही सगळे खूश. मग एकदा स्ट्रिप संपली असेल म्हणून नवीन आणायला निघालो आणि सहज ड्रॉवर उघडला तर जुन्या स्ट्रिपमध्ये अकरा गोळ्या जशाच्या तशा. विचारलं तर म्हणतात, अरे टिक केली ना मी, गोळी जरा वेळाने घेतो म्हटलं आणि राहून गेली. म्हणजे सवय लागली होती, पण टिक करायची! पुढे अ‍ॅपवाल्यांनी पॉइंट बंद केले आणि ती पण सुटली.

आता वडिलांनाच काय बोलणार. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पंधराशे लोकांवर मोठा प्रयोग झाला, २०१७ मध्ये निकाल आले. झाकण उघडलं की आपोआप नोंद होणाऱ्या बाटल्या दिल्या (तिथे नुसत्या टिकवर भागलं नसतं), गोळ्या घेणाऱ्यांसाठी रोज लॉटरी, पाच डॉलर लागायचा चान्स पाचात एक आणि पन्नास डॉलरचा शंभरात एक, वर जवळच्या माणसाची मदत वगैरे. वर्षभर एवढा खटाटोप करून गोळ्या घेण्यात किंवा परत अ‍ॅडमिट व्हायच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. इंग्लंडमध्ये मानसिक आजाराच्या पेशंटना दर इंजेक्शनमागे १५ पाउंड दिले तेव्हा मात्र चांगला फरक दिसला, ८५ टक्के इंजेक्शनं घेतली गेली आणि पैसे न मिळालेल्यांमध्ये ७१ टक्के. पण पैसे थांबवले आणि नंतर बघितलं तर तो फरक राहिलेला नव्हता.

माझ्या मते घोळ इथेच आहे. पैसा आठवण करून देतो, पण सवय लागते ती कशाच्या तरी मागोमाग तेच काम रोज केल्याने. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला होता, २०१० चा, त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मग सगळ्यांना सरसकट दोन-तीन महिने बक्षीस देऊन काय होणार? द्यायचेच असतील पैसे तर नुसतं "गोळी घेतली का" याला देऊ नका, "दात घासल्यावर लगेच घेतली का" याला द्या, आणि एकदम बंद न करता हळूहळू कमी करा. आणि ज्यांना गोळ्या परवडतच नाहीत किंवा घेतल्या की चक्कर येते म्हणून जे टाळतात त्यांच्यापुढे लॉटरी नाचवणं मला तर चेष्टाच वाटते, त्यांचं वेगळं बघायला हवं.

आम्ही शेवटी स्ट्रिप वडिलांच्या चष्म्याच्या केसमध्येच ठेवायला लागलो. सकाळी चष्म्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, त्यामुळे केस उघडली की गोळी हातात येतेच, पॉइंट नाही की काही नाही, आणि वर्ष झालं नीट चाललंय. फक्त मागच्या महिन्यात चार दिवस बाहेरगावी गेले तेव्हा नवीन चष्मा घालून गेले, आणि गोळ्या राहिल्या घरी, जुन्या चष्म्याच्या केसमध्ये.

आपला एक नेहमीचा वाचक